खळ्यावर टांगलेली विमानं

आमच्याकडे कोणी मोजणीची तिपाई घेऊन शेतात उभं राहिलं की घटकाभरात पाडा जमतो. रस्त्याची मोजणी, रुळांची मोजणी, आणखी कसली तरी मोजणी. तलासरीच्या या पट्ट्यानं इतक्या मोजण्या पाहिल्या आहेत की तिपाई दिसली म्हणजे जमीन गेली, असं लोक धरूनच चालतात. त्यामुळे मी आमच्याच खळ्यावर बांबू रोवला आणि घराच्या खिडकीत दोन अँटेना लावल्या, तेव्हाही लोक आले. मी त्यांच्या डोळ्यांदेखत वाढलेली, तरी आले. पुढे होते माझे चुलते. त्यांनी बांबू हलवून पाहिला, खिडकीत डोकावून पाहिलं आणि मग मला विचारलं, "कोनाच्या जमिनीची मापनी गो ही?"

"कोणाच्याच नाही, काका. विमानं ओळखायची आहेत."

"आपल्याकडं विमान कुठं येतं?"

मी पिशवीतून तांब्याच्या तारेचं विमान काढलं. हाताच्या पंजाएवढं, पंख लांब, शेपूट आखूड. काकांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "हे तर मी पन ओळखतो. विमान हाय." सगळे हसले. मीही हसले, पण आतून जरा तिडीक आली होती. एवढी वर्षं शिकून मी खेळणी टांगायला आले आहे, असा तो हशा होता. लोक पांगले, तरी पुरते पांगले नाहीत. पुढे रोज कोणी ना कोणी बांधावर बसून बघत राहायचं.

मी डहाणूच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. सरावलीला खोली घेऊन राहते आणि सुट्टी लागली की आमच्या पाड्यावर येते, झरीच्या थोडं पुढे. नोकरी सांभाळून पीएच.डी. करते आहे. विषय आहे, विद्युतचुंबकीय अनुनादावरून रडारच्या लक्ष्याची ओळख. नाव ऐकून माणसं दचकतात, पण गोष्ट सोपी आहे. स्वयंपाकघरात भांडं पडलं की ओटीवर बसलेल्याला न बघता कळतं, तांब्या पडला की परात. आणि तुम्ही ओटीवर असा की परसात, तांब्याचा आवाज तांब्याचाच असतो. धातूच्या वस्तूवर रेडिओलहरींचा धक्का बसला की तसंच होतं. तिच्या अंगावर वीज क्षणभर मागेपुढे धावते आणि विझते. त्या धावण्याचे ठरावीक स्वर असतात आणि ते वस्तूच्या आकारमानावर आणि घडणीवर ठरतात. रडारनं तिला समोरून पाहिलं की कडेनं, त्यानं स्वर बदलत नाहीत. कमीजास्त जोरानं ऐकू येतात, एवढंच. नेहमीच्या रडारच्या पडद्यावर ठिपका उमटतो, पण ठिपका कशाचा हे सांगताना त्याच्या नाकी नऊ येतात, कारण वस्तू जरा वळली की तिच्याकडून परत येणारी लहर पार बदलते. स्वर ऐकता आले तर ही अडचणच उरत नाही.

हा विषय मला का आवडला, ते मी पीएच.डी.च्या मुलाखतीत सांगितलं नव्हतं. इथे सांगते. मला आयुष्यभर लोकांनी एकाच कोनातून पाहिलं. कोसबाडला शिकत होते तेव्हा मी डोंगराकडची. मुंबईला गेले तेव्हा तिकडची. आता पाड्यावर आले की कॉलेजवाली. दर ठिकाणी वेगळा ठिपका. कुठूनही बघा, वस्तू तीच राहते, आणि ते गणितानं दाखवता येतं, हे मी पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मला जेवण सुचलं नाही. मी तो विषय धरला तो धरलाच.

माझे मार्गदर्शक मुंबईचे. माणूस वाईट नाही. फोन उचलतात, कागद वाचतात, चहा पाजतात. पण पहिल्या भेटीपासून त्यांच्या मनात माझ्यासाठी दुसराच विषय होता. "तुमच्याकडची ती भिंतीवरची पांढरी चित्रं आहेत ना," ते म्हणाले होते, "ती ओळखणारा प्रोग्राम कर. घरचा विषय आहे. पेपरात नाव येईल."

मी विचारलं, "सर, तुम्ही रत्नागिरीचे. मग तुम्ही आंब्यावर का नाही केली पीएच.डी.?"

ते हसले. मग आठवडाभर त्यांनी फोन उचलला नाही.

आमच्या प्रयोगाला एक खास खोली लागते. तिच्या भिंतींना, छताला आणि जमिनीला काळ्या फोमचे सुळके चिकटवलेले असतात, म्हणजे लहरी आपटून परत फिरत नाहीत आणि वस्तूचा स्वर स्वच्छ ऐकू येतो. अशी खोली जिथे होती तिथे माझा नंबर काही लागेना. कधी दुसऱ्या कोणाचं काम निघायचं, कधी दुरुस्ती, कधी किल्ली ज्याच्याकडे तो रजेवर. मी अर्ज करत राहिले आणि ते हो हो म्हणत राहिले. शेवटी आढावा समितीनं स्पष्ट सांगितलं की पुढच्या बैठकीत खरी मोजमापं दिसली नाहीत तर हा विषय बंद करून दुसरा घ्यावा लागेल. दुसरा कोणता, हे सर्वांना माहीत होतं. सरांनी त्याचा आराखडासुद्धा तयार ठेवला होता.

खोली देत नाहीत तर नका देऊ, असं म्हणून मी घरी आले. आमचं खळं पाड्याच्या टोकाला आहे, उंचवट्यावर. भाताची मळणी उरकली की पुढच्या हंगामापर्यंत ते रिकामंच असतं. जवळ पत्र्याचं छप्पर नाही, तारेचं कुंपण नाही, विजेचे खांब खाली रस्त्याला. घराच्या भिंती कुडाच्या, वर कौलं. मोबाईलची रेंज येत नाही म्हणून अख्खा पाडा शिव्या घालतो. मला तर रेंज नकोच होती, कारण मोबाईलच्या लहरी माझ्या मोजमापात घुसल्या असत्या. लोकांना ज्याची लाज वाटावी अशी यादी मी रेंजसाठी टेकाडावर चढून सरांना फोनवर अभिमानानं वाचून दाखवली. ते म्हणाले, "खळ्यावर? समितीला काय सांगणार, खळ्यावर?"

"खळ्यावर असंच सांगणार," मी म्हटलं.

मदतीला आत्या होती. माझ्या बापाची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली आणि घराचा कारभार हातात घेऊन बसली, तो अजून सोडलेला नाही. बापसुद्धा तिला विचारल्याशिवाय बैल विकत नाही. खळ्याच्या त्या टोकाला बांबू, या टोकाला घर. मी घरात, लहरी सोडणाऱ्या आणि मोजणाऱ्या यंत्रापाशी बसायचे आणि खिडकीतून ओरडायचे, "आत्या, चढव!" ती दोरी ओढून विमान बांबूच्या शेंड्याखाली टांगायची आणि बाजूला जाऊन सावलीत बसायची. मी "उतरव" म्हटलं की उतरवायची. "वळव" म्हटलं की विमान थोडं फिरवायची. कामात चोख, पण तोंड सतत चालू. विमानाला पाय का नाहीत, शेपूट तुटकं का, असलं पाखरू उडेल तरी कसं, असं तिचं चालायचं.

काम असं होतं: आधी मोकळ्या बांबूचं माप घ्यायचं, मग विमान चढवून माप घ्यायचं आणि दुसऱ्यातून पहिलं वजा करायचं. घर, झाडं, बांबू, दोरी हे दोन्ही वेळेला तसंच असतं, म्हणून ते निघून जातं. मागे उरतं ते फक्त विमान. वजाबाकी हा माझा फोमचा सुळका होता, आणि तो मला कोणाकडे मागावा लागत नव्हता.

पहिल्याच दिवशी लांब पंखांच्या विमानाचे स्वर मिळाले, अगदी गणितानं सांगितलं होतं तिथेच. मी उठून खळ्यावर धावत गेले आणि आत्याला मिठी मारली. ती म्हणाली, "सोड, घाम आलाय." पण त्या स्वरांच्या मधोमध आणखी एक स्वर होता. तो माझ्या गणितात कुठेच नव्हता. दुसऱ्या दिवशी आखूड पंखांचं विमान टांगलं. त्याचे स्वर वेगळे आले, यायलाच हवे होते. तो आगाऊ स्वर मात्र जागचा हलला नाही. मग शेपूट नसलेलं टांगलं. तोच स्वर. विमान वळवलं, पुन्हा वळवलं, पार उलटं टांगलं. तोच. मी दोरी बदलली, तारा बदलल्या, अँटेना खोलून पुन्हा बसवल्या. मोकळ्या बांबूवर तो स्वर औषधालाही नव्हता. विमान चढलं की हजर.

रेंज मिळायची ती टेकाडावरच्या मोहाच्या झाडाखाली. तिथे जाऊन मी सरांना आलेख पाठवले. त्यांनी तासाभरानं फोन केला. "उघड्यावर असंच होणार," ते म्हणाले. "यंत्राचा दोष असेल, नाहीतर कुठला तरी गोंगाट. तो एक स्वर गाळून टाक. बाकीचे छान आलेत. समितीला तेवढेच दाखव."

"गाळू कसा, सर? गोंगाट असता तर सारखा हलला असता. हा हलत नाही."

"अगं, पण तो कशाचाच नाही!"

"कशाचा तरी आहे."

"हे बघ, विषय वाचवायचा आहे ना तुला?"

मी फोन ठेवला. खोटं बोलणार नाही, मोह झाला. एक ओळ खोडायची, आलेख स्वच्छ. कोणाला कळणार होतं? पण मग माझ्या विषयाला अर्थ काय राहिला? स्वर कोनानं बदलत नाही म्हणजे त्याच्यामागे खरी वस्तू आहे, हेच तर मी दहा पानांत सिद्ध केलं होतं. आणि तसा स्वर समोर आल्यावर, मला तो नको आहे म्हणून मी त्याला गोंगाट म्हणायचं? सोयीचं नाही ते गाळून टाकायची सवय मला लोकांनी पुष्कळ दाखवली होती. त्यांनी गाळलेल्यांत बहुतेक वेळा मीच असायचे. मी झाडाखालून उठले तेव्हा माझं ठरलं होतं की तो स्वर राहणार.

घरी येऊन मी उलटं गणित मांडलं. अमुक वस्तूचे स्वर कोणते, हे आजवर काढत होते. आता स्वर हाती होता, त्यावरून वस्तू काढायची होती. तार सरळ धरून पाहिली, बसेना. फार लवकर विझत होता तो. कडं धरून पाहिलं आणि आकडे चपखल बसले. जाडसर पट्टीचं, वाटोळं, तळहातापेक्षा थोडं लहान, आणि टांगलेल्या विमानाच्या अगदी जवळ. कागदावर ते कडं काढून मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. मग कागद घेऊन चुलीपाशी गेले. आत्या नागलीच्या भाकरी थापत होती.

"आत्या, खळ्यावर असं कडं कुठे आहे का?"

तिचा हात थांबला. तिनं कागदाकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. "तुला कोनी सांगितलं?"

"कोणी नाही. यंत्रात दिसलं."

"यंत्रात दिसतं?" ती घाबरली होती, आणि घाबरली की ती चिडते. "मग दिसू दे. मी काय चोरी केली?"

ती वसवी होती. मुसळाच्या टोकाला लोखंडी कडं असतं ना, भात कांडताना लाकूड फाटू नये म्हणून, ती. आमच्या घरात नवं काही उभं केलं, मांडव असो की गोठा, की जुन्या मुसळाची वसवी काळ्या दोऱ्यात ओवून त्याला बांधतात. दृष्ट लागू नये म्हणून. मी विमान टांगलं आणि सगळा पाडा बांधावर बसून टकामका बघायला लागला, तेव्हा आत्याच्या जिवाची घालमेल झाली. मला सांगितलं असतं तर मी नको म्हटलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून विमान चढवताना ती बांबूच्या मागच्या बाजूला, पेरावरच्या खुंटीला वसवी अडकवायची आणि विमान उतरलं की काढून कनवटीला लावायची. बांबू चांगला जाड होता. मला खिडकीतून ती दिसायची नाही. लहरींना बांबू आड येत नव्हता, त्यांना ती रोज दिसत होती.

"पण मग काढायचीस कशाला?" मी ओरडलेच. "तिथेच राहू दिली असतीस तर वजा होऊन गेली असती!"

"मोकळ्या बांबूला कोन दृष्ट लावील?" आत्याही ओरडली. "येडी हायेस काय?"

तिच्या बाजूनं ते अगदी बिनचूक होतं. मी कपाळाला हात लावून खाली बसले. किती दिवसांचं काम, किती वेळा टेकाडावर चढउतार, सरांची बोलणी, आणि कारण काय, तर मुसळाचं कडं. मी तिला वाटेल ते बोलले. शिकलेल्या माणसाच्या कामात लुडबुड कशाला करतेस, असंही बोलले. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "वसवी नाय तर मी दोरीला हात लावनार नाय. तुझं विमान तूच चढव." आणि खरंच, दुसऱ्या दिवशी ती खळ्यावर आली नाही.

दुपारपर्यंत मी एकटीच धावत होते, खिडकीपासून बांबूपर्यंत आणि बांबूपासून खिडकीपर्यंत. मध्येच हसू आलं. मी कशावर चिडले होते? न पाहिलेली वस्तू मी स्वरावरून ओळखली होती. आकार ओळखला, माप ओळखलं, जागासुद्धा ओळखली. माझ्या अख्ख्या प्रबंधात मी जे करून दाखवणार म्हणत होते ते आत्यानं मला नकळत करायला लावलं होतं, आणि मी रुसून बसले होते. मी घरी गेले आणि म्हटलं, "चल. वसवी बांध. पण आता काढायची नाही. मोकळ्या बांबूलाही बांधलेली राहील."

"मोकळ्याला कशाला?"

"मोकळ्यालासुद्धा दृष्ट लागते, यंत्रवाल्यांची."

आत्यानं थोडा विचार केला आणि तिला ते पटलं. वसवी बांबूवर कायमची बसली, दोन्ही मापांत आली आणि वजाबाकीत निघून गेली. आलेख स्वच्छ झाले. मी टेकाडावर चढून सरांना सांगितलं की तो गोंगाट नव्हता, कडं होतं, आणि कसं सापडलं तेही सांगितलं.

"हे कुठे लिहू नकोस," ते म्हणाले. "दृष्ट वगैरे. समिती हसेल."

"लिहिणार, सर. आकृतीत वसवीसुद्धा काढणार. प्रयोगात जे होतं ते आकृतीत असायला नको?"

"तू ऐकणार नाहीस."

"नाही."

मी ते लिहिलं आणि समितीला पाठवलं. समिती हसली की नाही, मला माहीत नाही. निरोप आला तो असा, की बाहेरचे परीक्षक स्वतः येऊन प्रयोग बघतील. ते थर्मोकोलच्या बंद पेट्या आणतील, त्यांतून लहरी आरपार जातात. माझी तिन्ही विमानं मी आधी त्यांच्याकडे पाठवायची आणि कुठल्या पेटीत कुठलं आहे ते ओळखायचं. ओळखलं तर पुढे, नाहीतर विषय बदल. सरांनी फोनवर मला वर हेही सांगितलं की चित्रांच्या विषयाचा आराखडा ते बरोबरच घेऊन येतील, म्हणजे सही त्याच दिवशी होईल. मी म्हटलं, "आणा. वारा घालायला होईल. खळ्यावर गरम होतं फार."

ते दोघे गाडीनं आले, तलासरीला हायवे सोडून. परीक्षक म्हणजे उंच, वाळलेले गृहस्थ, रडारच्या कामातून निवृत्त झालेले. बोलणं जेमतेम. पाडा अर्थातच जमला होता. आत्यानं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. परीक्षकांनी बांबूभोवती एक चक्कर मारली, वसवीपाशी थांबले आणि माझ्याकडे पाहिलं.

"वसवी," मी म्हटलं. "मोकळ्या मापातही असते. वजा होते."

त्यांनी मान हलवली. सर जमिनीकडे बघत होते.

पहिली पेटी चढली. मी खिडकीत बसले, माप घेतलं, आत्याकडून पेटी वळवून पुन्हा घेतलं. बाहेर येऊन म्हटलं, "आखूड पंखांचं." परीक्षकांनी टेप कापून पेटी उघडली. आखूड पंखांचं होतं. काकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्यांच्यामागून सगळ्यांनी. दुसरी पेटी चढली. "शेपूट नसलेलं." तेही बरोबर निघालं. सर आता माझ्याकडे बघून हसत होते. हातातला आराखडा त्यांनी काखेत मारला होता.

तिसरी पेटी चढवताना आत्या म्हणाली, "ही जड हाय गो. चांगलं मोठं विमान दिसतं."

मी माप घेतलं. वजाबाकी केली. पडद्यावर सपाट रेघ. जरा कुठे उंचवटा, तोही लगेच जिरलेला. स्वर नाही. मी ओरडले, "वळव." पुन्हा माप घेतलं. सपाट. "अजून वळव." सपाट. केबल तपासल्या. यंत्र बंद करून चालू केलं. मोकळ्या बांबूचं माप नव्यानं घेऊन पेटी परत चढवायला लावली. बाहेर कुजबुज सुरू झाली.

सर आत आले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "लांब पंखांचंच उरलंय ना? मग तेच म्हण. दोन बरोबर आलेत, तिसरं उघड आहे."

"दिसत नाही, सर, मला ते."

"यंत्र दमलं असेल. उन्हात तापतात ही. अगं, विचार कर, त्यांनी रिकामी पेटी एवढ्या लांब आणली असेल का? ती बाई म्हणते जड आहे."

हे मात्र खरं होतं. आत्याच्या हाताला वजन लागलं होतं, आणि तिचा हात पोत्यातलं भात उचलून सांगतो. तीन विमानं, दोन निघाली, तिसरं उरलं. शहाण्या माणसानं तेच म्हटलं असतं. बाहेर सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि सगळ्यांना त्या पेटीत विमान हवं होतं. मलाही हवं होतं. मी अगदी मनापासून पडद्यावर शोधलं ते. नव्हतं.

मी बाहेर आले. परीक्षकांच्या समोर उभी राहिले आणि म्हटलं, "यात धातूचं काही नाही."

"काहीच नाही?"

"धातूचं नाही. काय आहे ते मला माहीत नाही. पण विमान म्हणणार नाही मी त्याला."

आत्या मागून म्हणाली, "अगो जड हाय, सांगते ना मी." मी तिच्याकडे वळलेसुद्धा नाही. सरांनी डोळे मिटून घेतले.

परीक्षकांनी टेप कापला. झाकण काढलं. आत विमान होतं. लांब पंख, आखूड शेपूट, रंगही तांब्याचा, हुबेहूब. पाड्यातून एकदम "आऽऽ" असा आवाज निघाला. सर न राहवून म्हणाले, "सांगत होतो मी! विमान आहे!" मी बांबूला धरलं.

परीक्षकांनी ते बाहेर काढून बोटाच्या पेरानं त्यावर टकटक केली. "लाकूड," ते म्हणाले. "सुताराकडून करून घेतलं."

मग ते माझ्याकडे वळले. "दिसायला अगदी खऱ्यासारखं. अंदाजानं सांगणारा इथे फसतो. तुम्हाला एकदाही वाटलं नाही, सांगून टाकावं?"

"वाटलं," मी म्हटलं. "सगळेच सांगत होते की ते विमान आहे. पण ते बोलत नव्हतं. त्याच्या वतीनं मी कशाला बोलू?"

त्यांनी लाकडी विमान माझ्या हातात दिलं आणि सरांना म्हणाले, "विषय राहू द्या यांच्याकडे."

सर हो म्हणाले. मी केबल गुंडाळायला घेतली होती, तशीच थांबले.

"राहू द्या काय, सर," मी परीक्षकांना म्हटलं. "माझाच आहे तो."